जीवितकार्याचा शोध व नित्याच्या सवयी

“तू मोठेपणी कोण होणार?” हा प्रश्न आपल्याकडे मुलास बोलता येऊ लागल्यापासून विचारला जातो. पाच वर्षांच्या मुलाने “डॉक्टर” किंवा “कलेक्टर” असे उत्तर दिले, की घरातील मंडळी कौतुकाने हसतात व त्याच्या हातावर खाऊ ठेवतात. पुढे तोच मुलगा दहावीच्या वर्गात आला, की त्याच प्रश्नाचे स्वरूप पालटते. आता कोणी हसत नाही. कोणत्या शाखेस जावयाचे, लातूरच्या शिकवणीवर्गास घालावयाचे की नांदेडच्या, त्यासाठी यंदाच्या कापसाचे पैसे पुरतील की काही गहाण ठेवावे लागेल, या सर्वांचा निर्णय त्या एका उत्तरावर अवलंबून असतो. मुलास तर उत्तर ठाऊक नसते. आणि ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याची सोयही नसते. मग तो शेजारच्या मुलाचे उत्तर उसने घेतो. उसन्या उत्तरावर घरचा पैसा व आयुष्याची मोलाची वर्षे खर्ची पडतात, आणि इतके करूनही ते अंगी लागले नाही म्हणजे मुलगा स्वतःलाच कुचकामी समजू लागतो. ही हानी लहानसहान नव्हे. म्हणून आपले जीवितकार्य मनुष्यास सापडते तरी कसे, या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे योजिले आहे.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते, की जीवितकार्य म्हणजे जमिनीत पुरलेला हंडा होय. नशीबवान असेल त्यास एके दिवशी तो अवचित सापडतो, व मग पुढचा मार्ग स्वच्छ दिसू लागतो. या समजुतीमुळे विद्यार्थी हातातील काम बाजूस सारून त्या शुभदिनाची वाट पाहत बसतात. परंतु थोरांची चरित्रे लक्षपूर्वक वाचली असता निराळेच दिसून येते. जीवितकार्य हे हंड्यापेक्षा पायवाटेसारखे अधिक असते. गावाहून शेताकडे जाणारी पायवाट कोणी आखून ठेविलेली नसते. माणसे रोज त्याच बाजूने जातात व तिच्यावरचे गवत हळूहळू नाहीसे होते. नित्याच्या लहान लहान सवयी ही आपल्या आयुष्याची पावले होत. ती रोज कोणत्या दिशेस पडतात हे पाहावे, म्हणजे वाट कोठे उमटत आहे ते कळते.

दुसरी गोष्ट अशी, की व्यवसाय व जीवितकार्य हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तसे ते नाहीत. व्यवसायाने पोट भरते. जीवितकार्याने आयुष्यास अर्थ येतो. काही भाग्यवंतांच्या बाबतीत दोन्ही एकत्र येतात. पुष्कळांच्या बाबतीत येत नाहीत. याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कवी व कादंबरीकार बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, यांचा जन्म 1913 साली तत्कालीन परभणी जिल्ह्यातील सातोना येथे झाला. निजामी राजवटीत बांधकाम खात्यातील नोकरी करून त्यांनी संसार चालविला, आणि तेवढ्याच आयुष्यात कविता, कथा व कादंबऱ्या लिहून मराठवाड्याच्या जीवनास मराठी साहित्यात स्थान मिळवून दिले. 1953 साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते अवघे चाळीस वर्षांचे होते. कचेरीच्या कामाने त्यांचे लेखन अडले नाही. म्हणून ज्या विद्यार्थ्यास पुढे घरची शेती, दुकान किंवा मिळेल ती नोकरी पत्करावी लागेल, त्याने आपले जीवितकार्य आता संपले असे मानण्याचे कारण नाही.

आता नित्याच्या सवयींतून जीवितकार्य कसे आकारास येते, हे तीन चरित्रांवरून पाहू.

पहिले चरित्र संत जनाबाईंचे. गोदावरीकाठचे आपले गंगाखेड हे त्यांचे जन्मस्थान. लहानपणीच त्यांस पंढरपूर येथे दामाशेटींच्या घरी कामास ठेविले गेले, अशी परंपरा आहे. याच घरी संत नामदेव झाले. जनाबाईंच्या वाट्यास आलेली कामे त्यांनी निवडलेली नव्हती. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, शेण्या वेचणे हा त्यांचा दिवस होता. परंतु ही कामे करीत असतानाच त्यांनी अभंगरचना केली, आणि विशेष हे, की जाते, उखळ, केरसुणी यांस त्यांनी आपल्या अभंगांतून बाहेर ठेविले नाही. त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आज उपलब्ध आहेत. यावरून दासीपण चांगले होते, असा अर्थ कोणी काढू नये. माणसाने माणसास दास करणे हे कधीही चांगले नसते. आपण घ्यावयाचा बोध एवढाच, की ‘हे काम संपू दे, मग मी माझे खरे काम सुरू करीन’ असे म्हणत त्या थांबल्या नाहीत. हातातले काम व मनातले काम यांची त्यांनी फारकत होऊ दिली नाही. सातशे वर्षे होत आली, तरी खेड्यापाड्यांतील बायाबापड्यांच्या तोंडी त्यांचे नाव आहे.

दुसरे चरित्र महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. यांचा जन्म 1858 साली झाला; रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड हे यांचे गाव. घरची स्थिती बेताची व स्वभाव अतिशय लाजाळू. चारचौघांत उभे राहून बोलावयाचे म्हटले की त्यांस संकट वाटे. परीक्षेस बसण्यासाठी ते मुरुडहून साताऱ्यास शंभराहून अधिक मैल डोंगर-घाटांतून पायी गेले, आणि वयाने फार लहान दिसता, या कारणास्तव त्यांस परत पाठविण्यात आले. मॅट्रिकची परीक्षा ते 1881 साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, उत्तीर्ण झाले. असा हा तरुण पुढे स्त्रीशिक्षणाचा महर्षी होईल, हे त्या वेळी कोणी सांगू शकले नसते. स्वतः त्यांसही ठाऊक नव्हते.

मग ही वाट उमटली कशी? बालपणी गावच्या सोमण गुरुजींच्या प्रेरणेने ते देवळात बसून गावकऱ्यांस वर्तमानपत्र वाचून दाखवीत. आपणांस जे वाचता येते ते ज्यांस येत नाही त्यांस द्यावे, ही सवय तेथे लागली. पुढे मुंबईत शिक्षकाचे काम करून चार पैसे मिळू लागताच आपल्या मिळकतीचा ठरावीक अंश मुरुड गावाच्या हिताकरिता बाजूस काढून ठेवण्याचा त्यांनी नेम केला. रक्कम मोठी नव्हती; परंतु ‘माझ्या मिळकतीत माझ्याखेरीज दुसऱ्याचाही वाटा आहे’ हा विचार त्या नेमामुळे हाडीमांसी खिळला. 1891 साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले, व त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी निवर्तल्या. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदासदन ही संस्था काढिली होती. तेथे शिकलेल्या गोदूबाई या विधवा बाईंशी 1893 साली कर्व्यांनी विवाह केला. या विवाहामुळे स्वतःच्याच गावाने त्यांस बहिष्कृत केले. ज्या गावासाठी ते पैसा साठवीत होते, त्याच गावाचा हा रोष होता! दुसरा कोणी असता तर कडवट झाला असता. कर्व्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी 1896 साली आश्रम काढिला, आणि 1900 साली पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एक झोपडी बांधून तो तेथे नेला. दिवसा कॉलेजात गणित शिकवावयाचे, आणि सायंकाळी मैलोगणती चिखल तुडवीत आश्रमातील मुलींस शिकविण्यासाठी हिंगण्यास जावयाचे, असा त्यांचा क्रम असे. 1916 साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. 1958 साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण होत असता, त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. 1962 साली ते निवर्तले.

या चरित्रात साक्षात्काराचा असा एकही दिवस दाखविता येत नाही. देवळातील वाचन, मिळकतीतील वाटा, आणि रोजची पायपीट, या तीन सवयी मात्र ठळक दाखविता येतात. लाजाळूपणा घालविल्यावर त्यांनी कार्य आरंभिले, असेही झाले नाही. कार्य चालू ठेविले व लाजाळूपणा त्याच्या मागोमाग येत राहिला.

तिसरे चरित्र पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचे. यांचा जन्म 1896 साली मुंबईत झाला. आईबाप लहानपणीच वारल्यामुळे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. हाती छऱ्याची बंदूक आली, तेव्हा इतर मुलांप्रमाणे तेही चिमण्या मारीत. परंतु एक सवय त्यांस निराळी होती: जे दिसेल ते टिपून ठेवावयाचे. घरट्याजवळ बसलेला नर मारला असता मादी लवकरच दुसरा नर घेऊन येते, असे त्यांनी लहानपणीच पाहिले व तारीखवार लिहून ठेविले. ती नोंद पुढे छापली गेली. एकदा गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी त्यांच्या हाती पडली. ही चिमणी नेहमीसारखी का नाही, असा प्रश्न त्यांस पडला. मामांसही उत्तर सांगता येईना. परंतु त्यांनी भाच्याचा प्रश्न झिडकारला नाही. चिठ्ठी देऊन त्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड साहेब यांजकडे पाठविले. साहेबांनी त्या मुलापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणामागून खण उघडून दाखविले. एका चिमणीच्या निमित्ताने केवढे जग उघडले!

येथे गोष्ट संपती तर ती फार सोपी झाली असती. परंतु कॉलेजच्या अभ्यासात सालिम अलींचे मन रमले नाही. घरच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले; तेथे धंद्यापेक्षा पक्ष्यांकडेच लक्ष अधिक, म्हणून धंदाही नीट चालला नाही. परत आल्यावर सरकारी प्राणिविज्ञान खात्यात जागा हवी होती, तर रीतसर पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात व्याख्यात्याचे काम मिळाले; त्यातून रजा घेऊन ते जर्मनीत बर्लिन येथे जाऊन पक्षिशास्त्र शिकून आले, तो पैशाच्या अभावी ती जागाच रद्द झाल्याचे त्यांस कळले. वय चौतिशीच्या घरात, हाताला काम नाही. अशा वेळी अलिबागजवळ किहीम येथे समुद्रकाठी राहत असता समोरच्या झाडावरील सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीकडे ते रोज टक लावून बसले व पाहिलेले लिहीत गेले. नर घरटे अर्धेमुर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच तेथे राहते, आणि मग नर दुसरे घरटे विणावयास घेतो, हे त्यांनी त्या निरीक्षणातून जगापुढे मांडले. लवकरच हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी करण्याचे काम त्यांजकडे आले. आपला परभणी जिल्हा तेव्हा याच संस्थानात होता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. 1941 साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. 1987 साली, नव्वदी उलटल्यावर, ते वारले, तोपर्यंत पाहणे व टिपणे सुटले नव्हते. नोकरी गेली, धंदा गेला. वही राहिली, आणि तिनेच त्यांस त्यांचे कार्य मिळवून दिले.

या तीन चरित्रांवरून विद्यार्थ्यांनी आपल्या अंगी आणण्याजोग्या पाच सवयी निघतात. त्या सर्व बिनपैशाच्या आहेत, आणि परभणीत राहून करता येण्याजोग्या आहेत.

पहिली सवय, पाहणे व टिपणे. एक साधी वही करावी व रोज झोपण्यापूर्वी तीत चार ओळी लिहाव्यात. आज मी काय नवीन पाहिले? कशाचे नवल वाटले? कोणाच्या दुःखाने जीव कळवळला? पूर्णेच्या किंवा दुधनेच्या काठी दिसलेला अनोळखी पक्षी, मोंढ्यात कापूस घेऊन रात्रभर गाडीवर बसलेला म्हातारा शेतकरी, बंद पडलेला पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराची युक्ती, काहीही चालेल. एका दिवसाच्या नोंदीस मोल नाही. परंतु सहा महिन्यांनी वही चाळली असता आपले मन पुन्हा पुन्हा कोठे जाते, हे आपल्याच अक्षरांत दिसू लागते. कोणीही न सांगता ज्या गोष्टीकडे मन वळते, तेथे आपल्या जीवितकार्याची खूण असण्याचा संभव असतो.

दुसरी सवय, हातातले काम मन लावून करणे. वर्ग झाडण्याची पाळी असो, गुरांस पाणी दाखवावयाचे असो, की नावडत्या विषयाचे गणित असो, ते नीट करावे. नावडत्या कामात जो हयगय करतो, त्यास ‘हे मला खरोखर जमत नाही’ की ‘मी मनापासून केलेच नाही’ यांतील फरक कधीच कळत नाही. मन लावून केल्यावरही जे नको वाटते, ते आपले नव्हे असे म्हणण्याचा अधिकार प्राप्त होतो.

तिसरी सवय, दुसऱ्याचा वाटा काढणे. विद्यार्थ्यापाशी मिळकत नसते; परंतु वेळ असतो. आठवड्यातील एक तास दुसऱ्यासाठी द्यावा. धाकट्या भावंडास पाढे शिकवावेत, शेजारच्या आजोबांस पत्र किंवा अर्ज वाचून दाखवावा, पिकविम्याचे कागद समजावून सांगावेत. आपल्या कोणत्या गुणाचा दुसऱ्यास उपयोग होतो, हे आरशात पाहून कळत नाही. ते दुसऱ्याचे काम केल्यानेच कळते.

चौथी सवय, जाणत्यास विचारणे. सालिम अली चिमणी घेऊन मिलर्ड साहेबांकडे गेले नसते, तर तो प्रश्न बंदुकीबरोबरच विसरला गेला असता. आपल्या परभणीस 1972 सालापासून कृषि विद्यापीठ आहे. टपाल कचेरी आहे, रुग्णालय आहे, न्यायालय आहे, पूर्णेस रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. तेथे काम करणारी माणसे आपल्याच गल्लीत राहतात. “आपला दिवस कसा जातो? या कामातील कठीण भाग कोणता?” असे नम्रपणे विचारले असता बहुतेक माणसे आनंदाने सांगतात. एखाद्या व्यवसायाच्या नावावर भाळण्यापेक्षा त्याचा एक दिवस समजून घेणे अधिक हितावह.

पाचवी सवय, तुटलेला नेम पुन्हा जोडणे. सवयी मोडतातच. परीक्षा येते, घरी आजारपण येते, सुगीत शाळा बुडते, आणि पंधरा दिवस वही उघडली जात नाही. अशा वेळी पुष्कळ विद्यार्थी वहीच टाकून देतात. तसे करू नये. खंडाची खंत करीत न बसता त्या दिवसाची तारीख घालून पुढे लिहावे. न मोडणारी सवय कोणाचीच नसते. मोडल्यावर पुन्हा धरणारे मात्र थोडेच असतात.

येथे कोणी म्हणेल, की हे सर्व पोटभर असणाऱ्यांसाठी ठीक आहे. ज्याच्या घरी पाऊस न पडल्यास पुढील वर्षाची चिंता आहे, त्याने जीवितकार्याचा विचार कसा करावा? हा आक्षेप खरा आहे, आणि सवयींनी दारिद्र्य हटते असे कोणी म्हणू नये. ज्या मुलीस शाळेतून काढून लग्नास उभे केले जाते, तिला वहीचा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. तिच्यासाठी प्रथम थोरांनी उभे राहिले पाहिजे. तथापि हेही खरे, की वरील तीन चरित्रांपैकी एक मोलकरणीचे, एक बेताच्या घरातील मुलाचे व एक पोरक्या मुलाचे आहे. अनुकूल परिस्थितीची वाट पाहत ते थांबले असते, तर आपणांस त्यांची नावेही ठाऊक नसती.

शेवटी पालकांस दोन शब्द. आपल्या मुलाने उत्तम शिकावे म्हणून आपण पोटास चिमटा घेता, हे शिक्षक रोज पाहतात. परंतु पंधराव्या वर्षी मुलाने आयुष्याचे उत्तर द्यावे, असा आग्रह धरू नये. कर्व्यांस ते उत्तर अडतिसाव्या वर्षी पुरते सापडले, सालिम अलींस चौतिसाव्या. मुलगा किंवा मुलगी एखादा विचित्र प्रश्न घेऊन आली, तर मामा अमिरुद्दीनांप्रमाणे करावे: उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे, आणि ज्यास ठाऊक असेल त्याच्याकडे पाठवावे. मुलांची वही चोरून वाचू नये. त्यांनी होऊन दाखविली तर हसू नये. “कोण होणार?” या प्रश्नाऐवजी रात्री जेवताना “आज काय पाहिलेस?” असे विचारून पाहावे. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुलापाशी असते, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तरही कालांतराने त्यातूनच निघते.

विद्यार्थी बंधू-भगिनींनो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा सुट्टी लागलेली असेल. गतवर्षीच्या वह्यांत कोरी पाने उरली असतील. ती फाडून, टाचून एक लहान वही करा, आणि आजची तारीख घालून पहिली ओळ लिहा.